बहुकेंद्री नागरी विकास
बहुकेंद्री नागरी विकास : एकाच महानगरी प्रदेशात रोजगार, व्यापार, प्रशासन व इतर सेवा यांची एकापेक्षा अधिक केंद्रे निर्माण होण्याची प्रक्रिया. शहराची वाढ नेहमी एकाच गाभ्याभोवती होत नाही, हे अमेरिकन भूगोलज्ञ चॉन्सी हॅरिस व एडवर्ड उलमन यांनी १९४५ मध्ये बहुकेंद्र सिद्धांताद्वारे मांडले. अशी केंद्रे पूर्वी मुख्यतः जनगणना व प्रत्यक्ष पाहणी यांवरून ठरविली जात. आता त्यांसाठी उपग्रहचित्रे, रात्रीच्या प्रकाशाच्या नोंदी, भ्रमणध्वनीच्या स्थाननोंदी इ. विपुल भूस्थानिक आधारसामग्रीही उपयोगात आणली जाते.

पनवेल परिसर हे या प्रक्रियेचे महाराष्ट्रातील बोलके उदाहरण होय. मुंबईच्या दक्षिण टोकाशी कचेऱ्या व व्यापार एकवटल्यामुळे पडणारा ताण कमी व्हावा म्हणून चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ठाणे खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची कल्पना मांडली. त्यासाठी १९७० मध्ये सिडको ही संस्था स्थापन झाली. नियोजित नवी मुंबईचे क्षेत्र सु. ३४४ चौ. किमी. असून ती एकाच गाभ्याऐवजी अनेक उपनगरांची मालिका म्हणून आखण्यात आली. पनवेल हे मात्र त्याआधीचे जुने व्यापारी गाव असून तेथील नगरपालिका १८५२ मधील आहे. खारघर, कामोठे, कळंबोली व नवीन पनवेल ही उपनगरे त्याच्या आसपास वसली. उपनगरी लोहमार्ग १९९२ मध्ये वाशीपर्यंत व १९९८ मध्ये पनवेलपर्यंत पोहोचला. पनवेल महानगरपालिका २०१६ मध्ये अस्तित्वात आली, तर नवी मुंबई विमानतळाचे उद्‌घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले.

अभ्यासपद्धती : लँडसॅट मालेतील उपग्रहांची १९७२ पासूनची चित्रे क्रमाने ताडून पाहिल्यास भातखाचरांच्या व खाडीकाठच्या जमिनीवर बांधकाम कसे पसरत गेले, ते कळते. २०१५ पासूनच्या सेंटिनेल-२ च्या चित्रांत १० मी. इतका सूक्ष्म तपशील मिळतो. रात्रीच्या प्रकाशाची १९९२ ते २०१३ ची जुनी मालिका दाट वस्तीत कमाल मर्यादा गाठीत असल्याने तेथील फरक दाखवीत नसे. नंतरच्या उपकरणांनी हा दोष बराच दूर केला. केंद्र निश्चित करण्यासाठी प्रदेशाचे लहान चौकोन पाडून शेजाऱ्यांहून अधिक घनता असलेले चौकोन शोधतात व किमान मर्यादा लावतात. जुलियानो व स्मॉल यांनी १९९१ मध्ये लॉस अँजेल्ससाठी दर एकरी १० व एकूण १०,००० नोकऱ्या ही मर्यादा धरली होती.

मर्यादा : बांधकाम वा प्रकाश म्हणजे केंद्र नव्हे. बंदराची कंटेनर-आवारे व महामार्ग रात्री उजळलेले असले, तरी तेथे माणसे थोडी असतात. उंच इमारतींच्या वसाहतीतील बरेच रहिवासी सकाळी कामासाठी अन्यत्र जात असल्यास ती दाट असूनही केवळ निवासी ठरते. याउलट, बैठ्या दुकानांची बाजारपेठ आसपासच्या गावांचे खरे केंद्र असू शकते. म्हणून दिवसा व रात्री उपस्थित असणाऱ्यांतील फरक आणि अनेक दिशांनी येणारे प्रवासी यांना अधिक महत्त्व आहे. हे भ्रमणध्वनीच्या नोंदींवरून कळते. तथापि काहींजवळ दोन क्रमांक असतात, तर काहींजवळ एकही नसतो. त्यामुळे गरीब श्रमिक व फेरीवाले मोजणीतून सुटतात. नाव वगळले, तरी रोजच्या मार्गावरून व्यक्ती ओळखता येत असल्याने केवळ एकत्रित संख्याच वापरणे इष्ट असते.

लोहमार्ग, बससेवा व पाणीपुरवठा यांची आखणी अशा नकाशांच्या आधारे झाल्यास निवासी उपनगराला केंद्र समजण्याची चूक महाग पडते : तेथे रोजगार वाढल्याचे गृहीत धरले जाते आणि रहिवाशांचा मुंबईकडील लांबचा प्रवास मात्र टळत नाही. म्हणून आर्थिक गणना व प्रत्यक्ष पाहणी यांची जोड देऊनच अशा आधारसामग्रीचे निष्कर्ष स्वीकारणे योग्य ठरते.