गोळी मिळते, संवादाचे काय?

कमलनगर हा बिदर जिल्ह्यातील, महाराष्ट्राच्या सीमेलगतचा तालुका. तेथील अनेक घरांची भाषा मराठी, तर सरकारी कारभाराची कन्नड. मानसिक आजारावरील उपचारांत हा भाषाभेद किती महत्त्वाचा आहे, हे ‘सावरण्यावर भर देणारी सेवा’ ही संकल्पना समजून घेतल्यास स्पष्ट होते.

भास, संशय, निद्रानाश ही लक्षणे ओसरली की उपचार यशस्वी झाले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. नवी संकल्पना त्यापुढचा प्रश्न विचारते : रुग्णाला स्वतःला काय हवे आहे? पुन्हा शेतात कामाला जाणे, लग्नकार्यात मानाने वावरणे, आपल्या पैशांचा हिशेब आपणच ठेवणे, अशी उद्दिष्टे रुग्णाने ठरवावीत आणि वैद्यकीय पथकाने त्याला साथ द्यावी. काही लक्षणे उरली तरी असे जीवन शक्य असते. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही रुग्णाला समाजात राहण्याचा आणि आपल्यावर कोणते उपचार व्हावेत हे आगाऊ लिहून ठेवण्याचा अधिकार दिला आहे.

सरकारी सेवेतील डॉक्टरांना हे तत्त्व सहसा अमान्य नसते. त्यांच्यापुढे अडचणी व्यवहाराच्या असतात. बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत एका रुग्णाच्या वाट्याला मोजकी मिनिटे येतात. रुग्णाने गोळ्या कमी करण्याचा आग्रह धरला आणि आजार उलटला, तर जबाबदारी कोणाची, ही धास्ती असते. शिवाय आपल्याकडे अनेकदा रुग्णाऐवजी कुटुंबच बोलते. समाजसेवक व मानसशास्त्रज्ञ सोबतीला नसतील, तर एकट्या डॉक्टरने हे कसे करावे?

या प्रश्नाचे एक उत्तर कर्नाटकातच आहे. १९८० च्या दशकात बंगळूरच्या ‘निम्हान्स’ने बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतून मानसिक उपचार देण्याचा प्रयोग केला. त्याच्याच धर्तीवर १९९६ मध्ये देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. दुसरे उत्तर गोव्याशी निगडित आहे. गोवा, सातारा आणि तामिळनाडूतील कांचीपुरम येथे स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. डॉक्टरांच्या उपचारांना स्थानिक प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या गृहभेटींची जोड मिळालेल्या रुग्णांची लक्षणे व परावलंबन वर्षभरात काहीसे अधिक घटले. हा लाभ कांचीपुरमच्या ग्रामीण भागात अधिक ठळक होता. समाजाकडून होणारा भेदभाव मात्र कमी झाला नाही.

कमलनगरसारख्या भागासाठी यातून घेण्याजोगा धडा असा, की गोळीची मात्रा दुभाष्यामार्फत सांगता येते; पण मनातील भीती आणि उद्याची आशा सांगायला आपलीच भाषा लागते. त्यामुळे सीमाभागात मराठी जाणणारा कार्यकर्ता हा उपचाराचाच भाग ठरतो. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. मात्र दूरध्वनीवर सुरू झालेला हा संवाद रुग्णालयाच्या दारात थांबता कामा नये.