ब्रशची पाच मिनिटं

न्युमोनियाचा दातांशी काय संबंध? तोंडात साचलेले जंतू लाळेबरोबर, विशेषतः झोपेत, नकळत फुप्फुसात उतरतात. जपानमधल्या ११ वृद्ध-शुश्रूषागृहांत योनेयामा आणि सहकाऱ्यांनी दोन वर्षं पाहणी केली. निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटात परिचारिका किंवा मदतनीस प्रत्येक जेवणानंतर दात घासून देत; आठवड्यातून एकदा दंतोपचारही होत. त्या गटात न्युमोनिया झाला ११ टक्क्यांना, दुसऱ्या गटात १९. गंमत म्हणजे बोळक्या तोंडाच्यांनाही फायदा झाला! कवळी मात्र रात्री काढूनच ठेवायची. आपल्याकडे पेशंटच्या उशाशी शहाळं हमखास असतं. ब्रश असलाच तर पिशवीच्या तळाशी. अंथरुणाला खिळलेल्याचे दात घासताना डोकं उंच हवं, नाहीतर त्याला कुशीवर वळवावं.