टर्नटेबलखाली अर्धा कापलेला टेनिस बॉल का ठेवतात?

एलपी रेकॉर्ड पुन्हा घराघरात दिसू लागल्या आहेत. कुणाच्या आजोबांच्या पेटीतून निघालेल्या, कुणी चोर बाजारातून घासाघीस करून आणलेल्या. मग टर्नटेबल येतं, स्पीकर येतात आणि जागा नसल्यामुळे सगळं एकाच टीव्ही युनिटवर बसतं.

खरा त्रास इथून सुरू होतो. आवाज वाढवला की गाण्यामागे घरघर ऐकू येते, ड्रॉवर जोरात लावला की सुई उडी मारते. इंटरनेटवर शोधलं तर कंपनं रोखणारे खास पाय दिसतात, पण किंमत बघून माणूस टॅब बंद करतो. तेवढ्यात कुणीतरी सल्ला देतं, टेनिस बॉल अर्धा काप आणि खाली ठेव.

हे चालतं का? चालतं. पण नुसतं मऊ काहीतरी खाली सरकवून भागत नाही, त्यामागचं गणित जमावं लागतं.

घरघर येते कुठून?

रेकॉर्डवरची खोबण केसाएवढी बारीक असते. तिच्यातल्या सूक्ष्म वळणांवरून सुई हलते आणि त्या हालचालीचं गाणं होतं. आता स्पीकरच्या दणक्याने टेबल हललं, तर टर्नटेबल हलतं आणि सुईही हलते. ही हालचाल खोबणीची की टेबलाची, हे सुईला कळत नाही. ती दोन्ही स्पीकरकडे पाठवते. स्पीकर पुन्हा टेबल हलवतो आणि चक्र सुरू होतं. कार्यक्रमात माईक स्पीकरसमोर नेला की कुई आवाज येतो, तसाच हा प्रकार.

म्हणून पहिला उपाय फुकटातला आहे. स्पीकर आणि टर्नटेबल वेगवेगळ्या टेबलांवर ठेवायचे.

कुलूप आणि रबरबँड

पुढचं समजायला एक सोपा प्रयोग आहे. रबरबँडला कुलूप लटकवायचं आणि हात हळू वर-खाली करायचा. कुलूप हाताबरोबर हलतं. वेग थोडा वाढवला की एका ठरावीक वेगाला कुलूप वेड्यासारखं उड्या मारतं, हातापेक्षाही जास्त. हात अजून भरभर हलवला की कुलूप जवळपास जागेवर थांबतं.

टर्नटेबल म्हणजे कुलूप आणि खालचा मऊ आधार म्हणजे रबरबँड. प्रत्येक आधाराचा उड्या मारण्याचा एक वेग असतो. साधारण त्याच्या १.४ पटीच्या वरची कंपनं अडायला लागतात. त्या वेगाच्या आसपासची मात्र उलट वाढतात.

हा वेग मोजायला पट्टी पुरते. वजन ठेवल्यावर आधार किती दबला ते बघायचं. १ मिमी दबला तर वेग सेकंदाला साधारण १६ हेलकावे, म्हणजे १६ हर्ट्झ. ४ मिमी दबला तर ८ आणि १० मिमी दबला तर ५. रबर हलताना थोडं कडक वागतं, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा जरा वरच असतो.

टर्नटेबलच्या सुई आणि दांडीची स्वतःची थरथर साधारण ८ ते १२ हर्ट्झला असते. आधाराचा वेग त्याच्या खाली गेलेला बरा. १९६१ साली अमेरिकेत एडगर विल्चर यांच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीने आणलेल्या टर्नटेबलमध्ये रेकॉर्डची तबकडी आणि दांडी एकत्रच स्प्रिंगांवर टांगलेली होती, ती याच हिशेबाने.

मग टेनिस बॉलचं काय?

टेनिसच्या नियमांनुसार नेहमीचा नवा बॉल सुमारे ८ किलो वजनाखाली ५.६ ते ७.४ मिमी दबायला हवा. ४ किलोचं टर्नटेबल चार बॉलवर ठेवलं तर प्रत्येकावर एकच किलो येतो. बॉल १ मिमीसुद्धा दबत नाही, म्हणजे फायदा जेमतेम.

म्हणून बॉल कापतात. आतली हवा गेली की तो मऊ होतो आणि सपाट बाजू खाली असल्याने घरंगळतही नाही. दुसरी युक्ती म्हणजे वजन वाढवणं. ४५ बाय ३५ सेंमीचा, २ सेंमी जाडीचा कडप्पा आठ किलोंच्या आसपास भरतो. खाली अर्धे बॉल, वर कडप्पा, त्यावर टर्नटेबल. कडप्पा नसेल तर ग्रॅनाइटचा तुकडाही चालतो.

याहून मऊ आधार हवा असेल तर लहान मुलांच्या सायकलची ट्यूब घ्यायची. हवा अर्धवटच भरायची, टणक फुगवली तर उपयोग संपला. हवा हळूहळू जाते, त्यामुळे अधूनमधून तपासावी लागते. कडप्पा डुगडुगत असेल किंवा घरात लहान मूल असेल तर हा प्रयोग नको.

शेवटी फोनमधल्या लेव्हल ॲपने टर्नटेबल समपातळीत आहे का ते बघायचं.

कशाचा उपयोग नाही?

मशीनच्या पूर्ण तळाखाली पसरलेली रबरी शीट दबतच नाही. तीच कापून चार कोपऱ्यांत छोटे तुकडे लावले तर दबते. पातळ फोम वजनाखाली चपटा होऊन बसतो. टोकदार धातूचे पाय गालिच्यावर स्पीकर स्थिर ठेवतात, पण कंपनं अडवत नाहीत. साधा ॲम्प्लिफायर किंवा ब्लूटूथ रिसीव्हर सुईसारखा हालचालीवर चालत नाही, त्यामुळे त्यांच्याखाली महागडे पाय लावून फारसं काही मिळत नाही.

खालच्या मजल्यावरच्यांचं काय?

सबवूफर साधारण २० ते १२० हर्ट्झचे आवाज काढतो. खाली ४-५ मिमी दबणारा आधार असेल तर स्लॅबमध्ये जाणारा दणका बराच कमी होतो. पण हवेतून भिंतींवर आदळणारा बास तसाच राहतो. तो आवाज कमी केल्यावरच कमी होतो.

नियमाप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. हे मोजमाप खालच्या सुरांना कमी महत्त्व देतं. त्यामुळे फोनमधलं ॲप सगळं ठीक दाखवतं आणि खालच्या घरात मात्र मांडणीतली भांडी वाजत असतात. ॲपपेक्षा खालच्या काकूंना विचारलेलं बरं.

फरक पडला का, कसं कळणार?

टर्नटेबल बंद ठेवून थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवायची. आवाज हळूहळू नेहमीच्या पातळीवर न्यायचा आणि टेबलावर बोटाने टकटक करायची. स्पीकरमधून किती ठकठक येते ते लक्षात ठेवायचं. मग बॉल किंवा ट्यूब लावून तीच टकटक पुन्हा. ठकठक कमी झाली तर उपाय जमला, वाढली तर आधार बदलायचा. खास पायांवर हजारो रुपये घालण्याआधी ही दोन मिनिटांची परीक्षा करून बघायला काही लागत नाही.