सोलर पॅनलची फ्रेम गंजत का नाही? आणि नेमकी कशाने खराब होते?

तुळजापूर, कळंब, भूम... धाराशिव जिल्ह्यात कुठेही जा, शेतात सोलर पंपाचे पॅनल दिसतातच. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आल्यापासून तर जास्तच. पॅनलच्या वीजनिर्मितीची वॉरंटी साधारण 25 वर्षांची असते. म्हणजे काचेभोवतीची ॲल्युमिनियमची फ्रेमही तेवढी वर्षं ऊन-पावसात टिकायला हवी. रंग न देता ती टिकते कशी?

गंमत अशी, की ॲल्युमिनियम हवेतल्या ऑक्सिजनला लोखंडापेक्षाही पटकन धरतं! पण लोखंडाचा गंज फुगतो, पापुद्रे सुटतात, आणि पाणी आत शिरत राहतं. ॲल्युमिनियमवर मात्र ऑक्साइडचा घट्ट, बिनफटीचा थर बसतो. जाडी फक्त 2 ते 4 नॅनोमीटर. ओरखडा पडला, तरी उघड्या धातूवर लगेच नवा थर. पॅनलच्या फ्रेमवर हाच थर कारखान्यात वीज वापरून हजारो पट जाड करतात. त्याला म्हणतात ॲनोडायझिंग. तुमच्या फोनची फ्रेम ॲल्युमिनियमची असेल, तर तिचा रंगही बहुधा अशाच थरात भरलेला असतो.

लंडनच्या पिकॅडिली सर्कसमधला ॲल्युमिनियमचा पुतळा 1893 पासून उघड्यावर आहे. कोकणात समुद्राच्या खाऱ्या हवेने या थराला बारीक खड्डे पडतात. आपल्याकडे हवा कोरडी, त्यामुळे तो त्रास कमी.

आपल्याकडे धोका आहे तो माणसाच्या हाताचा. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग निघत नाहीत म्हणून काहीजण ॲसिड नाहीतर कॉस्टिक सोडा वापरतात. हा थर दोन्हींत विरघळतो. ओलं सिमेंट, चुना यांनीही तेच होतं. सकाळी पॅनल थंड असताना साधं पाणी आणि मऊ कापड, एवढंच पुरे.

दुसरी भानगड अर्थिंगची. तांब्याची उघडी तार थेट फ्रेमला आवळली, की पावसात तिथे छोटा बॅटरी सेलच तयार होतो आणि ॲल्युमिनियम झिजतं. जोड सैल पडला तर अर्थिंग नावापुरतंच राहतं, आणि बिघाडाच्या वेळी फ्रेमला हात लावणाऱ्याला शॉक बसू शकतो. म्हणून तारेला कथिलाचा मुलामा दिलेला लग आणि स्टेनलेस स्टीलचा बोल्ट हवा.

तुमच्या पॅनलच्या अर्थिंग बोल्टभोवती पांढरी भुकटी दिसतेय का? हात न लावता फोनवर झूम करून फोटो काढा आणि पॅनल बसवणाऱ्या टेक्निशियनला पाठवा.