काटा खरा कीं खोटा?

फोक्सवॅगन कंपनीची ‘टी-३’ ही गाडी १९७९ सालीं जर्मनींत निघाली आणि अनेक कुटुंबांचें तें फिरतें बिऱ्हाडच बनलें. प्रारंभीं तिचें पेट्रोलचें इंजिन हवेनें थंड होई. १९८२ पासून पाण्यानें थंड होणारें इंजिन आलें. इंजिन गाडीच्या शेपटाशीं, रेडिएटर नाकाशीं, आणि दोहोंमध्यें गाडीच्या पोटाखालून गेलेल्या लांब नळ्या. एवढ्या वाटेंत पाणी कोठें झिरपेल वा हवा कोठें अडकेल, याचा नेम नाहीं. म्हणूनच उष्णतेचा काटा वर सरकला कीं चालकाच्या छातींत धस्स होतें. परंतु ज्वर इंजिनाला आहे कीं थर्मामीटरच बिघडला आहे, हें आधीं ठरविलें पाहिजे.

काट्याला इंजिन दिसत नाहीं. पाण्यांत बुडालेल्या एका लहानशा सेन्सरचा निरोप तो सांगतो. पाणी तापलें कीं सेन्सरचा विद्युत्‌-रोध घटतो, प्रवाह वाढतो आणि काटा चढतो. साहजिकच त्याची तार उघडी पडून लोखंडाला टेकली, तर इंजिन थंड असूनहि काटा टोकाला जातो. तार तुटली, तर तो तळाशींच पडून राहतो. इतकें पाणी क्षणांत तापत नाहीं. तेव्हां काट्यानें एकाएकीं उडी घेतली, तर प्रथम तारा तपासाव्या. शेजारचा पेट्रोलचा काटाहि त्याच्याबरोबर चढला, तर दोघांना वीज पुरविणारा नियंत्रक किंवा अर्थिंगची जोडणी संशयास्पद समजावी.

उलट, चढणीवर काटा हळूहळू चढून सपाटीवर उतरत असेल, तर उष्णता खरी आहे. रेडिएटर तुंबला असेल, पंखा फिरत नसेल किंवा नळ्यांत हवा कोंडली असेल. इंजिन तापलेलें असतां हीटरमधून गार वारा येणें, ही पाणी घटल्याची अथवा हवा अडकल्याची खूण होय.

सर्वांत घातक तो वर जाऊन अकस्मात्‌ खालीं येणारा काटा. चालकाला हायसें वाटतें. पण पाणी गळून गेल्यामुळें सेन्सर उघडा पडलेला असूं शकतो. मापकांतील लाल दिवा गाडी सुरू करतांना क्षणभर लुकलुकतो. मार्गांत तो पुन्हा लुकलुकूं लागला, तर गाडी तत्काळ थांबवावी. मात्र गरम टाकीचें झांकण उघडूं नये. उकळतें पाणी अंगावर उसळतें. अर्धा-एक तास थांबण्यानें प्रवास लांबतो खरा, पण इंजिन वांचतें.