दर्जा : डब्यांचा आणि माणसांचा

पूर्णा या गावाने नाव नदीचे घेतले असले, तरी ते वाढले रेल्वेमुळे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या राज्यात हैदराबाद-मनमाड हा मीटरगेज मार्ग झाला. पुढे येथून हिंगोलीकडे फाटा फुटला आणि परभणी व नांदेड यांच्या मधले हे ठिकाण जंक्शन बनले. वाफेच्या इंजिनांचे शेड आले, कर्मचाऱ्यांची वसाहत आली. रेल्वेवर वाढलेल्या गावाला दर्जाचे शिक्षण निराळे द्यावे लागत नाही. कोणाला किती खोल्यांचे क्वार्टर, कोणाच्या दाराशी बाग, कोणाच्या पासावर कोणता वर्ग, हे सारे नियमाने ठरलेले असते. इतरत्र माणसाची पायरी अंदाजाने ओळखावी लागते. रेल्वेच्या वसाहतीत ती घराच्या भिंतीवर रंगवलेली असते.

गाडीतही तेच. ब्रिटिश अमदानीपासून भारतीय रेल्वेत पहिला, दुसरा, इंटर आणि तिसरा असे चार वर्ग होते. गांधीजींनी १९१७ साली तिसऱ्या वर्गाच्या हालांवर लिहिले, तेव्हा देशातील बहुसंख्य प्रवासी त्याच वर्गाने जात होते. स्वातंत्र्यानंतर समतेचे वारे वाहू लागले, आणि १९५५ साली जुना पहिला वर्ग रद्द करण्यात आला. त्यानंतर जे घडले ते मोठे मनोरंजक आहे. दुसऱ्या वर्गाला पहिला म्हणू लागले आणि इंटरला दुसरा. १९७४ साली तिसरा वर्गही रद्द झाला. म्हणजे त्यालाच दुसरा म्हणण्यात आले. जे प्रवासी आदल्या दिवशी तिसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकावर बसले होते, ते दुसऱ्या दिवशी त्याच लाकडी बाकावर दुसऱ्या वर्गाचे प्रवासी म्हणून बसले. पाठ तशीच अवघडली, पण नाव बदलले. सरकारला नाव बदलण्याची निकड वाटली, यावरूनच 'तिसरा' या शब्दात किती अवमान साठला होता हे कळते. 'थर्ड क्लास' हा शब्द डब्यांवरून पुसला गेल्याला आता अर्धशतक उलटले, तरी मराठी माणसाच्या तोंडी तो शिवी म्हणून अद्याप शिल्लक आहे.

आता प्रश्न असा की, पहिल्या वर्गाचा प्रवासी जास्तीचे पैसे मोजून नेमके काय विकत घेतो? गाडी एकच, इंजिन एकच. पूर्णेला दोघेही एकाच मिनिटाला उतरतात. गादी मऊ असते, गर्दी नसते, झोप लागते हे खरेच आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. सुखाची इच्छा हा काही ढोंगीपणा नव्हे. परंतु सुख आणि दर्जा या दोन वस्तू एकाच वेष्टनात विकल्या जातात, आणि त्यांतील कोणत्या वस्तूसाठी आपण पैसे दिले हे ग्राहकाला स्वतःलाही पुष्कळदा ठाऊक नसते. ते ओळखण्याची एक कसोटी आहे. तेच सुख शेजारच्यालाही मिळाले, तर आपल्याला आनंद होतो की आपले काही हिरावले गेल्यासारखे वाटते?

ही कसोटी एका मराठी माणसाने प्रत्यक्षात लावून पाहिली, असे म्हणता येईल. १९७७ साली मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर त्यांनी दोन इंच जाडीच्या फोमच्या गाद्या बसवण्यास प्रारंभ केला. पूर्णेहून अकोल्याकडे जाणारा फाटा ज्या मुंबई-हावडा मार्गाला जाऊन मिळतो, त्या मार्गावर त्याच वर्षीच्या डिसेंबरात गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. ती वर्गविहीन गाडी होती. तिच्यात पहिला वर्गच नव्हता. वरच्यांचे सुख काढून घेण्यापेक्षा खालच्यांचे वाढवावे, हे त्यामागचे साधे सूत्र. आज लांब पल्ल्याच्या गाडीत शयनयानाच्या बाकाला पाठ टेकणाऱ्या कोट्यवधी लोकांना ते नाव आठवतही नसेल. पण मंत्र्याने मागे ठेवलेल्या वस्तूंत त्या दोन इंचांइतकी उपयुक्त वस्तू विरळाच.

दर्जाच्या बाजूने पाहिले तर मात्र गोष्ट निराळी दिसते. खालच्या बाकावर गादी आली, तसा गादीचा मान गेला. पुढे वातानुकूलित डब्यांची चढण लागली. दोन स्तरांचा वातानुकूलित डबा, मग तीन स्तरांचा, त्याहून वर वातानुकूलित पहिला वर्ग. जुना, पंख्याचा पहिला वर्ग हळूहळू नाहीसा झाला. वर्गविहीन म्हणून निघालेल्या गीतांजलीलाही पुढे वातानुकूलित डबे जोडले गेले आणि ती चारचौघींसारखी झाली. तीन-स्तरीय वातानुकूलित डब्यात पांढऱ्या चादरीवर बसून 'आता एसीतही कोणीही येऊ लागले' अशी कुरकुर करणारे सद्गृहस्थ आपण सर्वांनी पाहिले आहेत. थंडावा कमी झालेला नसतो. तो इतरांनाही लागू लागलेला असतो, एवढेच.

थॉर्स्टन व्हेब्लेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली ऐतखाऊ वर्गावर एक ग्रंथ लिहिला, त्यात हीच गोष्ट मांडली आहे. काही वस्तूंची किंमत हाच त्यांचा गुण असतो. त्या स्वस्त झाल्या की निरुपयोगी होतात, कारण 'मला हे परवडते' असे जगाला सांगण्याचे त्यांचे काम संपते. व्हेब्लेन हा नॉर्वेहून आलेल्या एका शेतकऱ्याचा मुलगा. दिखाऊ खर्चाचे मर्म बाहेरून आत आलेल्या माणसालाच अधिक नेमके दिसावे, हे स्वाभाविक आहे.

तथापि केवळ किमतीने सारे उलगडत नाही. मराठवाड्याचाच अनुभव घ्या. निजामाच्या राज्यात उर्दू ही दरबाराची आणि शिक्षणाची भाषा होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. तेव्हा वकील, कारकून, शिक्षक यांच्या अंगावर शेरवानी शोभे. संभाषणात उर्दू लहेजा असणे हे घरंदाजपणाचे लक्षण मानले जाई. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य संपले आणि शेरवानी ट्रंकेत गेली. कापड तेच होते, शिवण तीच होती, किंमतही कमी झालेली नव्हती. सत्ता गेली तशी तिची अभिरुचीही गेली. नंतर खादीचे दिवस आले. गरिबांशी नाते सांगण्यासाठी जे जाडेभरडे वस्त्र गांधीजींनी पुढे आणले, तेच पुढाऱ्याच्या अंगावर कडक इस्त्री होऊन चढले. तालुक्याच्या गावी पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला माणूस मोटारीतून उतरला की लोक आपोआप बाजूला सरतात. धुळीच्या रस्त्यावर पांढरे कपडे पांढरे ठेवण्यासाठी मोटार लागते आणि धुणारे हातही. शुभ्रपणातील ऐश्वर्य ते हेच.

उंची वस्तू आली की तिची नक्कल येते, हाही क्रम जुनाच आहे. औरंगाबादेस विणल्या जाणाऱ्या हिमरू वस्त्राच्या नावाची व्युत्पत्ती 'हम-रू', म्हणजे सारख्या चेहऱ्याचे, अशी सांगितली जाते. सोन्या-रुप्याच्या तारांचे किनखाब ज्यांना परवडत नसे, त्यांच्यासाठी सूत आणि रेशीम मिळून विणलेले हे तसेच दिसणारे कापड. गंमत अशी की ही नक्कल आता स्वतःच दुर्मिळ झाली आहे, आणि ती जपावी असे सुशिक्षित लोक कळकळीने म्हणू लागले आहेत. नकलेला पुरेसे वय झाले आणि ती विणणारे हात कमी उरले, की तिला परंपरा म्हणतात!

पैठणीच्या बाबतीत हा खेळ आज आपल्या डोळ्यांदेखत चालू आहे. जिला एकेकाळी सरदार-सावकारांच्या घरीच जागा होती, ती पैठणी २००४ साली सुरू झालेल्या 'होम मिनिस्टर' या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने बक्षीस म्हणून साध्या घरांच्या उंबऱ्यापर्यंत नेऊन ठेवली. महाराष्ट्रातील असंख्य गृहिणींच्या मनात ती जाऊन बसली. हातमागाची पैठणी तयार व्हायला आठवडे, कधी महिने लागतात आणि तिची किंमतही त्या मानाने असते. तेव्हा बाजारात यंत्रमागाची 'सेमी पैठणी' आली. मोर तेच, जरीचा काठ तसाच, किंमत आवाक्यातली. हे झाल्याबरोबर लग्नमंडपात एक नवी विद्या उपजली. नमस्कार-चमत्कार होताच एखादी जाणती स्त्री समोरचीचा पदर कौतुकाने हातात घेते आणि सहज उलटून पाहते. हातमागाची वीण दोन्ही अंगांनी सारखी सुबक दिसते. यंत्रावरच्या पदराला मागे सुटे धागे असतात. क्षणभराचे काम. तोंडाने 'छान आहे हो' एवढेच बोलले जाते, आणि दोघींनाही काय ते कळते.

जेथे पैशाने भिंत उभी राहत नाही तेथे जाणकारीची भिंत उभारली जाते, हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्दिय यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विस्ताराने दाखवले. कोणाला कोणते संगीत आवडते, कोण काय खातो, भिंतीवर कोणते चित्र लावतो, हे वैयक्तिक आवडीचे वाटणारे प्रश्न प्रत्यक्षात घराणे आणि शिक्षण यांच्याशी बांधलेले असतात. बूर्दिय हे खेड्यातील एका टपाल कर्मचाऱ्याचे पुत्र. या लेखाच्या वाचकांत त्या खात्यातील मंडळी असतील, त्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

आणि येथे विषय आपल्यापर्यंत, म्हणजे शिक्षक, कारकून, प्राध्यापक या मंडळींपर्यंत येतो. चैनीवर टीका करणे आपल्याला फार आवडते. कारण चैन इतरांची असते. आपले चलन निराळे. आपण मोटारीचा रुबाब करीत नाही, पण ती कोणी करू लागला की 'पैसा आला, पण संस्कार नाहीत' असे म्हणतो. गुत्तेदाराच्या बंगल्याचा भडक रंग आपल्या डोळ्यांत खुपतो. शास्त्रीय संगीताची बैठक, नाट्यगृहातील नेमकी दाद, शुद्ध भाषा, पुस्तकांचे कपाट हे आपले दागिने, आणि ते चोरीला जात नाहीत ही त्यांची खुबी. त्यांत खरा आनंद आहे याविषयी शंका नाही. पण त्या आनंदातच दुसऱ्याला खाली पाहण्याची सोयही आहे. शिवाय पैसा हाती आल्यावर आपणही काही निराळे वागलो नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत इमानेइतबारे शिकवणारे कित्येक गुरुजी स्वतःची मुले इंग्रजी माध्यमात घालतात. परभणीच्या उन्हाळ्यात त्या कोवळ्या गळ्यांभोवती आवळलेला टाय कोणत्या ज्ञानासाठी असतो? तो रस्त्यावरून जाताना दिसावा यासाठी असतो.

कापूस आणि सोयाबीनच्या पट्ट्यातील शेतकऱ्याच्या लग्नखर्चाबद्दल याच वर्गात फार बोलले जाते. 'कर्ज काढून लग्ने करतात, मग बुडतात' हे वाक्य कचेऱ्यांतून आणि शिक्षकांच्या खोल्यांतून ऐकू येते. त्यात तथ्य नाही असे नाही. मुलीच्या बापाला मांडव, जेवणावळ आणि १९६१ च्या कायद्याने बंदी असूनही चाललेला हुंडा यांच्यापायी रान विकावे लागते, ही क्रूर गोष्ट आहे; सत्यशोधक समाजाने १८७३ पासून अल्प खर्चाच्या विवाहाचा धडा घालून दिला, तो आपण विसरलो हेही खरे. परंतु शेतकरी हौसेपायी वेडा होतो, हे निदान उथळ आहे. मराठीत 'पत' हा एकच शब्द उधारीला आणि मानाला वापरतात, तो उगाच नव्हे. पगारदाराची पत त्याच्या पगारपत्रकावर छापलेली असते. बँक ते पाहून कर्ज देते. ज्याचे उत्पन्न पावसावर अवलंबून, त्याची पत कोणत्या कागदावर पाहायची? आडत्या, बी-बियाण्यांचा दुकानदार, सोयरीक जुळवणारा मध्यस्थ हे सारे त्याचे घर बघतात, मांडव बघतात, पंगत बघतात. हात आखडता घेतला तर 'याचे बसले' अशी कुजबुज होते, आणि पेरणीच्या तोंडावर उधारी मिळेनाशी होते. म्हणून ज्याची पत सर्वांत डळमळीत, त्यालाच ती सर्वांत मोठ्याने जाहीर करावी लागते. अशा माणसाला साधेपणाचे व्याख्यान देणे सोपे आहे. व्याख्यान देणाऱ्याचा पगार एक तारखेला जमा झालेला असतो.

साधेपणा ही निवड असायला हातात दुसरे काही असावे लागते. ज्यांना उंची वस्तू वापरण्याची मनाईच होती, त्यांच्या बाजूने पाहिल्याखेरीज या विषयाचा तळ लागत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालच्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' या निबंधात काही घटना नोंदवल्या आहेत. इंदूरकडील गावांत १९२८ साली सवर्णांनी बलाई समाजाला बजावले की, जरीकाठी पागोटी घालायची नाहीत, रंगीत किंवा नक्षीदार काठाची धोतरे नेसायची नाहीत, बायकांनी सोन्या-चांदीचे दागिने घालायचे नाहीत. न ऐकणाऱ्यांचे जगणे अशक्य करण्यात आले आणि शेकडो माणसे बायकापोरांसह घरदार सोडून गेली. गुजरातेतील झानू गावी १९३५ साली अस्पृश्य समाजातील खात्यापित्या घरच्या स्त्रियांनी धातूच्या भांड्यांतून पाणी आणले, म्हणून त्यांच्यावर हल्ला झाला. जयपूर संस्थानातील चकवाऱ्यात तीर्थयात्रेहून आलेल्या एका अस्पृश्याने जातभाईंच्या पंगतीत तूप वाढले, म्हणून जेवणाऱ्यांना मारून उठवण्यात आले. तूप त्याच्या स्वतःच्या पैशाचे होते. मारणाऱ्यांच्या ताटातले काहीच कमी होणार नव्हते. कमी होणार होते ते अंतर.

ही दृष्टी बाबासाहेबांना त्याआधीच होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी त्यांनी स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले. तुमची लुगडी नेसण्याची तऱ्हा आणि कोपरापर्यंत चढवलेले चांदी-कथलाचे दागिने ही तुम्हाला ओळखण्याची खूण झाली आहे, ती टाकून द्या, वरच्या वर्गातील स्त्रियांसारखी लुगडी नेसा, असे त्यांनी सांगितले. दारिद्र्यात दिवस काढणाऱ्या त्या श्रोत्यांना त्यांनी साधे राहा, दागिन्यांचा मोह सोडा, एवढाच उपदेश केला नाही. दागिना घालायचाच असेल तर सोन्याचा घाला, नाही तर घालू नका, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.