जँगोला टेम्प्लेट का सापडत नाही?

पायथॉनच्या जँगो फ्रेमवर्कमध्ये 'टेम्प्लेट डझ नॉट एग्झिस्ट' ही एरर आली, की अनेक जण फाइल पुन्हा तयार करतात. बहुतेकदा फाइल असते. जँगो ती दुसरीकडे शोधत असतो.

डीबग सुरू असेल, तर कोणकोणत्या पाथवर शोध घेतला, याची यादी एररच्या पानावरच दिसते. आधी ती वाचा. मग तपासा :

• ॲपमधील फोल्डरचे नाव 'टेम्प्लेट' नव्हे, 'टेम्प्लेट्स' आहे का?
• ॲप 'इन्स्टॉल्ड ॲप्स'मध्ये नोंदवले आहे का?
• टेम्प्लेट ॲपबाहेर असेल, तर त्या फोल्डरचा पाथ सेटिंग्जमधील 'डिर्स'मध्ये आहे का?

लॅपटॉपवर चालणारी साइट सर्व्हरवर अडली, तर फाइलच्या नावातील इंग्रजी अक्षरे पाहा. लहान-मोठ्या लिपीचा फरक विंडोज सहसा चालवून घेते, लिनक्स नाही. मात्र शोधासाठी सर्व्हरवर डीबग सुरू करू नका. साइटचा कोड आणि सेटिंग्ज कुणालाही दिसू शकतात. तिथे लॉग पाहा.